कै. डॉ. भाऊ दाजी लाड : मांद्रे ते मुंबई

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, असा जुना प्रघात आहे. यंदा संपादक-मंडळाने ते काम आमच्याकडे सोपविले व विषय म्हणून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव सुचविले. नाव ऐकताच आम्हांस आनंद झाला, आणि थोडा संकोचही वाटला. आनंद अशासाठी, की लहानपणी आमच्या घरी वडीलधारी मंडळी भाऊंची गोष्ट वारंवार सांगत. संकोच अशासाठी, की चौतीस वर्षे मुलांना शिकविल्यावर आता ती गोष्ट आम्हांस पूर्वीसारखी सरळ वाटत नाही. वाचकांनी आमची ही खोड पोटात घालावी.

ती गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. एक गरीब मुलगा होता. त्याचे वडील मातीच्या बाहुल्या विकीत. मुलगा बुद्धिबळ अप्रतिम खेळे. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याचा खेळ पाहिला, वडिलांस बोलावून मुलास इंग्रजी शिकविण्यास सांगितले, आणि मुलगा पुढे मोठा डॉक्टर झाला. एवढी गोष्ट सांगून झाली की वडीलधारे आमच्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहत. बुद्धी असली म्हणजे सर्व काही होते, असा त्या नजरेचा भाव असे. आम्हांस बुद्धिबळ येत नव्हते, त्यामुळे आम्ही खाली मान घालीत असू.

आता मूळ चरित्राकडे वळू. भाऊंचे पूर्ण नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरी त्यांना भाऊ म्हणत आणि वडील विठ्ठलपंत हे दाजी या नावाने ओळखले जात. म्हणून मुलगा भाऊ दाजी झाला, व ते नाव पुढे असे रूढ झाले की पाळण्यातले नाव अभ्यासकांपुरतेच उरले. जन्म १८२२ च्या सुमारास, गोमंतकातील पेडणे महालात, मांद्रे येथे. पेडणे महाल हा नव्या काबिजादीतला. सावंतवाडीकरांकडून तो १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला. समुद्र, माड, भाताची खाचरे, देवालये आणि देवालयांभोवती पिढ्यान्‌पिढ्या वसलेली आपली घराणी, असा तो मुलूख. तेथे मान होता, कुळाचार होता, परंतु वाढत्या कुटुंबास पुरेल असे उत्पन्न सर्वांस नव्हते. वडिलोपार्जित जमिनीचे तुकडे पडत जात आणि ज्याच्या वाट्यास काही येत नसे त्याला घाट चढणे किंवा समुद्राची वाट धरणे याशिवाय गत्यंतर नसे.

दाजींनी समुद्राची वाट धरली. त्या काळी आगगाडी नव्हती. कोकणातली व गोव्याकडली माणसे मुंबईस जात ती गलबतातून, वाऱ्याच्या लहरीवर दिवस मोजीत. मुंबईस उतरल्यावर कोणा गाववाल्याचा किंवा नातलगाचा ओटा हेच पहिले बिऱ्हाड. दाजींनी तेथे मातीची चित्रे विकून निर्वाह चालविला. एवढीच माहिती त्यांच्या नावावर उरली आहे. आमच्या मते संबंध चरित्रातील पहिले मोठे पाऊल या माणसाने उचलले, आणि गोष्ट सांगताना आपण त्यालाच एका वाक्यात आटोपतो. भाऊ मांद्र्यासच राहते तर त्यांची बुद्धी काही कमी झाली नसती, बुद्धिबळही ते तितकेच उत्तम खेळले असते. पण मांद्र्याच्या पारावर कोणता गव्हर्नर येणार होता?

आणि समजा आला असता, तरी त्याने मुलास कोठे पाठविले असते? पणजीस वैद्यकाची शाळा निघाली ती १८४२ साली, व तेथील शिक्षण पोर्तुगीज भाषेत. नव्या काबिजादीतल्या हिंदू मुलास तेथवर पोचण्याचा रस्ताच तयार नव्हता. मुंबईत मात्र तो तयार होत होता. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन १८२७ साली गव्हर्नरपदावरून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ मुंबईकरांनी मोठा निधी जमविला. त्यातून इंग्रज अध्यापक नेमले गेले, आणि १८३० नंतरच्या दशकात उच्च शिक्षणाचे वर्ग सुरू झाले. लॉर्ड क्लेअर मुंबईस गव्हर्नर होते ते १८३१ ते १८३५. म्हणजे भाऊ साधारण दहा वर्षांचे असताना गव्हर्नराने सल्ला दिला, आणि तो अमलात आणावयास त्याच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर, शाळा उभी होती. वीस वर्षे आधी जन्मलेल्या मुलास हा सल्ला मिळून काही उपयोग नव्हता.

एल्फिन्स्टन संस्थेत त्या पिढीत जी मुले गोळा झाली त्यांची नावे पाहिली म्हणजे मनुष्य थक्क होतो. भाऊंहून दोन-तीन वर्षांनी लहान असलेले दादाभाई नवरोजी त्याच संस्थेतले. दादाभाईंचे वडील ते चार वर्षांचे असतानाच वारले. आईने कष्टाने वाढविले आणि शिक्षण विनामूल्य मिळाले म्हणून ते शिकू शकले. पुढे ते ज्या शिष्यवृत्तीचे मानकरी झाले तिला क्लेअर यांचेच नाव होते. बाळशास्त्री जांभेकर त्या संस्थेत अध्यापक होते. तेही कोकणातल्या पोंभुर्ल्याहून मुंबईस आलेले. पोंभुर्ले, मांद्रे आणि खडक भागातली पारशी वस्ती, अशा तीन ठिकाणची माणसे एका छपराखाली आली. आमच्या मते ही त्या छपराची पुण्याई.

भाऊंनी शिक्षण पूर्ण केले व त्याच संस्थेत ते शिक्षक झाले. काठेवाड व कच्छ प्रांतांत मुली जन्मतःच मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिजवर त्यांनी निबंध लिहिला व त्यास बक्षीस मिळाले. पंचवीस वर्षांच्या आतला तरुण, शिक्षकाची नोकरी, नावलौकिक, बक्षीस. गरिबाच्या घरात याहून अधिक काय हवे? आमच्यासारख्याने तेथेच समाधान मानले असते. भाऊंनी मानले नाही.

१८४५ साली मुंबईत ग्रँट वैद्यक महाविद्यालय उघडले. सर रॉबर्ट ग्रँट या गव्हर्नराने ती कल्पना पुढे आणली होती. ते १८३८ साली वारले आणि त्यांच्या स्मरणार्थ हे महाविद्यालय निघाले. शेजारचे रुग्णालय सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचे. हे जमशेटजी कोण? लहानपणीच आईबापांस अंतरलेले व नवसारीहून सोळाव्या वर्षी मुंबईस आलेले. रिकाम्या बाटल्यांच्या धंद्यात त्यांनी उमेदवारी केली व चीनच्या व्यापारात संपत्ती मिळविली. ती संपत्ती कशी आली याचाही विचार करावयास हवा, कारण त्या व्यापारात अफू होती. परंतु तिचा एक भाग रुग्णालयात गेला आणि त्या रुग्णालयाच्या खाटांपाशी उभे राहून बाहुल्या विकणाराचा मुलगा वैद्यक शिकला.

भाऊंनी पगाराची शिक्षकी सोडून तेथे प्रवेश घेतला. नोकरी सोडून पुन्हा विद्यार्थी होणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात महिनाअखेर पाहिली आहे त्यांस सांगावयास नको. शिवाय हा अभ्यास साधा नव्हता. प्रेतास हात लावावयाचा, ते फाडून पाहावयाचे, आणि घरी येऊन सोवळ्याओवळ्यात वावरावयाचे. कलकत्त्यास पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली हे केले तेव्हा केवढा गाजावाजा झाला होता. भाऊंनी ते केले व धाकटे बंधू नारायण हेही त्यांच्या मागून त्याच वाटेने गेले. एका घरातले दोघे भाऊ डॉक्टर झाले ते असे.

पहिली तुकडी १८५१ साली उत्तीर्ण झाली. आठ जण होते. त्यांत भाऊ दाजी होते, पुढे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष झालेले आत्माराम पांडुरंग होते, आणि गोमंतकातलेच ख्रिस्ती डॉक्टर लिस्बोआ होते, ज्यांचा गवताच्या जातींवरील अभ्यास वनस्पतिशास्त्रज्ञांत मान्यता पावला. हे शेवटचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. गोव्यात ज्यांची दारे एकमेकांस बंद होती, ते मुंबईत एकाच बाकावर बसले.

येथे थोडे थांबून एक विषयांतर करतो. संपादकांनी कात्री लावली तर आमची तक्रार नाही.

आमची मॅट्रिक जुन्या अकरावीची. आम्ही ती उत्तीर्ण झालो तेव्हा आमचा क्रमांक शाळेत दुसरा होता. धाकटे बंधू पुढल्या वर्षी उत्तीर्ण झाले, त्यांना आमच्याहून पाच-सहा गुण कमीच होते. आमचे मामा गिरगावात एका चाळीत राहत. दहा बाय बाराची खोली, तीत सहा माणसे. मामांनी वडिलांस निरोप धाडला की एका भाच्याची सोय कशीबशी होईल, दोघांची होणार नाही. वडिलांची प्रकृती त्या साली बिघडली होती, शेताकडे पाहावयास थोरला मुलगा जवळ हवा होता. तेव्हा बंधू मुंबईस गेले आणि आम्ही गावाजवळच्या शाळेत शिक्षक झालो. बंधू पुढे अभियंता झाले. त्यांची मुले परदेशी आहेत. आमची मुलेही सुखी आहेत, आम्हांस कोणाविरुद्ध तक्रार नाही, बंधूंविरुद्ध तर मुळीच नाही. त्यांनी आमच्या मुलीच्या शिक्षणाचा खर्च आपण होऊन उचलला. परंतु दोघा भावांच्या आयुष्यात जे अंतर पडले ते पाच-सहा गुणांचे नव्हते, कारण गुण आमचेच अधिक होते. ते अंतर चाळीतल्या एका वळकटीच्या जागेचे होते.

ही हकीकत सांगण्याचे कारण असे. आपली संस्था दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करते. नव्वद टक्के, पंचाण्णव टक्के. आम्ही तो समारंभ कौतुकाने पाहतो. परंतु गेल्या काही वर्षांत शाल-श्रीफळावर व पाकिटांवर जो खर्च झाला, तो आणि वसतिगृहाच्या निधीत पडलेली रक्कम, हे दोन आकडे कार्यकारी मंडळाने शेजारी शेजारी मांडून पाहावेत. ज्याचे आईवडील दोघेही मिळवते आहेत आणि ज्याला घरी स्वतंत्र खोली आहे, त्या मुलास आपण पाकीट देतो. देवगड-वेंगुर्ल्याकडून किंवा कारवारकडून जो मुलगा, जी मुलगी मुंबईस येऊ म्हणते, तिला निजावयास जागा कोण देणार? आमच्या मामांसारखे मामा आता उरले नाहीत, आणि चाळीही उरल्या नाहीत. असो. भाऊंकडे परत येऊ.

भाऊंनी स्वतंत्र वैद्यकीचा धंदा मांडला. थोड्याच वर्षांत त्यांचे नाव मुंबईत पसरले, शेटसावकारांच्या वाड्यांतून त्यांना बोलावणी येऊ लागली व पैसा चांगला मिळू लागला. त्याच वेळी बंधू नारायण यांच्यासह त्यांनी गरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालविला. इंग्रजी वैद्यक शिकूनही आपल्या जुन्या ग्रंथांतल्या औषधींकडे त्यांनी पाठ फिरविली नाही. महारोगावर त्यांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले, व कडुकवठाच्या बियांचे तेल त्यांच्या उपचारात असे. त्या काळी महारोग्यास घरातून काढून देत. अशा रोग्यांस जवळ करणारा डॉक्टर दुर्मिळ होता. भाऊंनी आपली कृती बराच काळ गुप्त ठेवली, याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली, आणि आमच्या मते ती टीका अगदीच अनाठायी नव्हती. पुढे १९४० नंतर सल्फोन जातीची औषधे येईपर्यंत त्याच कुळातल्या तेलांचा उपचार जगभर चालू राहिला.

१८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली. जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष, भाऊ दाजी चिटणीसांपैकी एक. कंपनी सरकारच्या सनदेची मुदत संपत आली होती. हिंदी लोकांचे म्हणणे पार्लमेंटापुढे जावे यासाठी अर्ज तयार करणे, सह्या घेणे, पत्रव्यवहार करणे हे चिटणिसाचे काम. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले, त्याच्या पहिल्या फेलोंत भाऊ होते. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी १८४८ साली जी विद्यार्थ्यांची साहित्य व शास्त्रविषयक सभा काढली होती, आणि जिने पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा सुरू केल्या, तिचे पहिले हिंदी अध्यक्ष भाऊच. महाराज लायबल खटला १८६२ साली गाजला, तेव्हा वल्लभपंथी महाराजांच्या रोगाविषयी न्यायालयात उभे राहून खरी साक्ष देणाऱ्या डॉक्टरांत भाऊ होते. ज्यांच्या घरांतून फी येई, त्यांतील कित्येक घरे त्या पंथाची असतील हे ठाऊक असून त्यांनी साक्ष दिली.

मुलींच्या शाळांचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट सांगतो. भाऊंसाठी जे दार उघडले ते त्यांच्या पिढीत सर्वांस उघडे नव्हते. दाजींच्या घरी भाऊंच्या जागी तितक्याच बुद्धीची मुलगी असती आणि ती बुद्धिबळ खेळताना गव्हर्नराने पाहिले असते, तरी तिला ग्रँट महाविद्यालयात पाऊल ठेवता आले नसते. तेथे स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १८८३ साली. त्याच साली आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. आणि १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला, तो नाकारला गेला. मुंबई सरकारपर्यंत अर्ज गेला, तरी सरकारने त्या मुलाच्या बाजूने निकाल दिला नाही, कारण त्याला घेतले तर वरच्या जातींची मुले शाळा सोडतील ही भीती. वरच्या जातींची मुले म्हणजे आपलीच मुले. आपल्या ज्ञातीच्या स्मरणिकेत हे लिहावे की न लिहावे याचा आम्ही दोन दिवस विचार केला. शिक्षक म्हणून लिहिणे भाग आहे, असे वाटले. गरिबी भाऊंच्याही घरात होती आणि त्या मुलाच्याही. परंतु भाऊंच्या गरिबीस शाळेच्या उंबरठ्यावर कोणी अडविले नाही.

आता ज्या कामामुळे विद्वानांत भाऊंचे नाव अद्यापि घेतले जाते त्याकडे येतो. रोगी पाहून झाले की हा मनुष्य पोथ्या, नाणी, ताम्रपट आणि शिलालेख यांत बुडून जाई. अजिंठ्याच्या लेण्यांतील लेख त्यांनी स्वतः जाऊन उतरवून घेतले व त्यांचे वाचन रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. कालिदासाच्या कालाविषयी त्यांनी निबंध लिहिला, त्यातले त्यांचे मत पुढे टिकले नाही. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल व भास्कराचार्य यांच्या कालनिर्णयावरील त्यांचा लेख लंडनच्या सोसायटीने १८६५ साली छापला. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेख त्यांनीच उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून तेथे मठ स्थापन केला व त्यास स्थानिक राजघराण्याने उत्पन्न लावून दिले, असा त्या लेखाचा आशय आहे. बाराव्या-तेराव्या शतकातला हा आपल्याकडचा एक विद्यानिधीच म्हणावयाचा. विद्यानिधीवर वाढलेल्या भाऊंच्या हातून नेमका तो लेख वाचला जावा, याची आम्हांस मोठी मौज वाटते.

या शोधांत त्यांचे उजवे हात होते पंडित भगवानलाल इंद्रजी. हे जुनागडचे. जन्म १८३९. इंग्रजी शाळेत गेलेले नव्हते, घरी संस्कृत शिकलेले. गिरनारच्या पायथ्याशी अशोकाचे व रुद्रदाम्याचे लेख कोरलेला जो खडक आहे तो त्यांच्या गावचा. लहानपणापासून त्या न समजणाऱ्या अक्षरांचे त्यांना वेड लागले व एकेक अक्षर जुळवीत ते ती लिपी वाचू लागले. त्यांची कीर्ती भाऊंच्या कानी आली आणि भाऊंनी त्यांस मुंबईस बोलावून घेतले. हा १८६१-६२ चा सुमार. भाऊंनी त्यांच्या योगक्षेमाची व्यवस्था केली, प्रवासाचा खर्च दिला, आणि देशभर हिंडून लेखांचे ठसे व नकला आणण्याच्या कामावर नेमले. भगवानलाल गुजरात, राजस्थान, मध्य हिंदुस्थान पालथे घालीत नेपाळपर्यंत गेले. जे आणीत ते भाऊंच्या हवाली करीत, आणि पुष्कळ वर्षे ते भाऊंच्याच नावाने प्रसिद्ध होई. यात भगवानलालांवर अन्याय झाला असे कोणी म्हणतील, व त्यात तथ्य आहे. परंतु त्याच आश्रयामुळे जुनागडचा हा इंग्रजीशून्य पंडित युरोपातील विद्वानांच्या नजरेस आला. पुढे हॉलंडातील लायडन विद्यापीठाने त्यास सन्मान्य डॉक्टर ही पदवी दिली. क्लेअर साहेबांनी भाऊंसाठी एक शब्द टाकला होता. भाऊंनी भगवानलालांसाठी घर, पैसा आणि बारा वर्षे दिली.

एवढे सर्व ज्या पैशावर चालले, तो पैसा एका वर्षात गेला. ती हकीकत सांगावयास हवी, कारण वडीलधारी मंडळी गोष्ट सांगताना ती गाळीत.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले व तिकडचा कापूस विलायतेस जाईनासा झाला. मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या मंडळ्या, नव्या पेढ्या, नव्या कंपन्या रोज निघू लागल्या, व त्यांच्या भागांच्या किमती दर आठवड्यास चढू लागल्या. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे सूत्रधार. वकील, डॉक्टर, शिक्षक, सरकारी अधिकारी, सारेच त्या लाटेत शिरले. भाऊही शिरले. १८६५ साली युद्ध थांबल्याची बातमी आली, कापूस कोसळला व जुलै महिना उजाडतो न उजाडतो तोच कागदाच्या त्या इमारती जमीनदोस्त झाल्या. बॉम्बे बँकेसारखी बँक त्या धक्क्याने पुढे बुडाली. भाऊंनी तोवर मिळविलेले होत्याचे नव्हते झाले. त्याच जुलैच्या अखेरीस जगन्नाथ शंकरशेट वारले. आधारही गेला आणि पैसाही गेला.

एवढा शहाणा मनुष्य सट्ट्यात कसा फसला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. आम्हांस त्याचे नवल वाटत नाही. ज्याने बापाला बाहुल्या विकताना पाहिले आहे, त्याला पैसा कितीही आला तरी पुरेसा झाला असे वाटत नाही. जुन्या श्रीमंताच्या मागे वाडा असतो, वतन असते. नव्याने वर आलेल्याच्या मागे गलबत आणि ओटा असतो. आमचा हा तर्क आहे, तो कोणी मानला नाही तरी चालेल.

पैसा गेला तरी मान गेला नाही, हे मात्र खरे. १८६९ आणि १८७१ अशा दोन वेळा ते मुंबईचे शेरीफ झाले. भायखळ्याच्या राणीच्या बागेत व्हिक्टोरिया म्युझियम उभारण्यासाठी डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्यासह त्यांनी चिटणीस म्हणून अनेक वर्षे खटपट केली होती. इमारतीची कोनशिला १८६२ साली बसली, मध्यंतरी सट्ट्याच्या आपत्तीने लोकवर्गणी आटली आणि काम रखडले. अखेर २ मे १८७२ रोजी संग्रहालय लोकांस खुले झाले. १९७५ साली त्यास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले, व मोठ्या जीर्णोद्धारानंतर २००८ साली ते पुन्हा उघडले. आम्ही बंधूंसमवेत ते पाहावयास गेलो होतो. तेथे मातीच्या लहान लहान आकृती मांडल्या आहेत, मुंबईतील निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांच्या. आम्ही त्या कपाटापुढे बराच वेळ उभे राहिलो. बंधूंनी विचारले, काय पाहता? आम्ही त्यांना दाजींची आठवण दिली. मग तेही काही वेळ तेथून हलले नाहीत.

चरित्रात ज्यांनी ज्यांनी हात दिला त्यांची नावे आम्ही कागदावर लिहून पाहिली. एक इंग्रज गव्हर्नर, एक दैवज्ञ शेट, एक पारशी सर, काही इंग्रज अध्यापक. ज्यास भाऊंनी हात दिला तो गुजराती ब्राह्मण. आपल्या ज्ञातीने भाऊंचा अभिमान जरूर बाळगावा. फक्त या कागदाकडे पाहून त्या अभिमानास थोडी लाज जोडावी, इतकेच.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. पक्षाघाताने शरीर लुळे पडले. महारोगावरील आपला अभ्यास ग्रंथरूपाने मांडण्याचे राहून गेले. ३१ मे १८७४ रोजी भाऊ वारले, तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे होते. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह एशियाटिक सोसायटीकडे गेला व तो तेथे त्यांच्या नावाने आहे. स्नेह्यांनी जमविलेल्या निधीतून विद्यापीठात संस्कृतसाठी त्यांच्या नावाचे पारितोषिक ठेवण्यात आले. माटुंग्यास त्यांच्या नावाचा रस्ता आहे, त्या बाजूस आपल्या ज्ञातीची पुष्कळ घरे आहेत. भगवानलाल इंद्रजी १८८८ पर्यंत जगले, आणि उरलेली चौदा वर्षे त्यांनी शिलालेखांचेच काम केले, आता स्वतःच्या नावाने.